शिकारीचे पहिले बूट: बव्हेरियात नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

ऑगस्ट सरत आला की म्युनिक, आउग्सबुर्ग, इंगोलश्टाट, रोझेनहाइम या भागांत राहायला आलेल्या नव्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. ऑफिसातल्या सहकाऱ्याने किंवा गावातल्या शेजाऱ्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ड्रुकयाग्डला, म्हणजे हाका घालून केलेल्या शिकारीला, हाकाऱ्याच्या रांगेत चालायला बोलावलेलं असतं. जायचं मनात असतं, पण पायात काय घालायचं ते कळत नसतं.

आधी एवढंच सांगतो की बोलावणं आलं तर जरूर जा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळपास संपली, त्यामुळे तो शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिकांचे जुने फोटो येतात. इथलं चित्र निराळं आहे. प्रत्येक रानाला एक जबाबदार शिकारी असतो आणि तिथे रेह नावाची छोटी हरणं किती मारायची याचा आराखडा ठरलेला असतो. हरणं कोवळी रोपं खाऊन टाकतात, रानडुकरं मक्याची शेतं उकरतात आणि त्या नुकसानीची भरपाई बहुतेक वेळा रान भाड्याने घेतलेल्या शिकाऱ्यालाच द्यावी लागते. बंदूक चालवायची तर याग्डशाइन हा परवाना हवा. त्याच्या परीक्षेला लेखी, तोंडी-प्रात्यक्षिक आणि नेमबाजी असे तिन्ही भाग असतात आणि लोक तिला ‘हिरवी बारावी’ म्हणतात. हाकाऱ्याला यातलं काही लागत नाही. भडक नारिंगी जाकीट, जाड पँट आणि चांगले बूट असले की झालं. गावात ओळख रुजवायला इतकी चांगली संधी दुसरी क्वचितच मिळते.

आता बुटांकडे वळू. दुकानात माइंडल, लोवा, हानवाग ही नावं दिसतील. तिन्ही बव्हेरियाच्याच कंपन्या, किर्खआनशोरिंग, येट्सेनडोर्फ आणि फिअरकिर्शेन या छोट्या गावांतल्या. लोवा आणि हानवाग तर १९२०च्या दशकात वाग्नर घराण्यातल्या दोन भावांनी सुरू केल्या. तिघींचाही माल उत्तम असतो, तेव्हा ‘कोणती कंपनी?’ यावर डोकं शिणवू नका. तुमचं पाऊल कसं आहे आणि त्या बुटात तुम्ही रानात काय करणार आहात, यावरून निवड करा. पहिली गोष्ट दुसरीपेक्षा महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

आपल्यापैकी बहुतेकांचं बालपण चपलेत किंवा अनवाणी गेलेलं असतं. अशा पावलाचा चवडा पसरतो आणि बोटं मोकळी राहतात. बेल्जियमच्या संशोधकांनी २००९ मध्ये भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही ही पावलं पाश्चात्त्य लोकांच्या पावलांपेक्षा पुढच्या भागात रुंद असल्याचं दिसलं. इथले नेहमीच्या साच्यातले बूट मात्र बऱ्याचदा पुढे निमुळते होत जातात. मग होतं असं की करंगळी दबते म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. चवड्याला जागा होते, पण टाच आत वरखाली होऊ लागते आणि तासाभरात टाचेला फोड येतो. म्हणून लांबी वाढवण्याऐवजी रुंदी वाढवून मागा. माइंडलचा ‘कम्फर्ट फिट’, हानवागचा ‘वाइड’, लोवाचे ‘डब्ल्यू’ खुणेचे जोड त्यासाठीच आहेत. अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आलेलं असेल तर हानवागचा ‘बनियन’ नावाचा वेगळा साचा मिळतो. घरातल्या ज्येष्ठांसाठी बूट घेताना तो जरूर लक्षात ठेवा.

नंबराच्या बाबतीत आपल्याला एक सोय आहे. या कंपन्या बुटावर बहुधा ब्रिटिश नंबर छापतात आणि भारतातले नंबरही जवळपास तेच असतात. तिकडे आठ नंबर घालत असाल तर इथेही आठपासून सुरुवात करा आणि साडेआठ मागवून ठेवा. ब्रिटिश पद्धतीत अर्ध्या नंबराने साधारण चार मिलिमीटरचा फरक पडतो. जाड मोज्यांसाठी तेवढी जागा बहुतेकदा लागतेच.

दुकानात दुपारनंतर जा, कारण दिवसभर वावरल्यावर पाऊल थोडं सुजलेलं असतं आणि रानातही तसंच होणार असतं. जे मोजे घालून रानात जाणार आहात तेच बरोबर न्या. मेरिनो लोकरीचे, पोटरीपर्यंत येणारे घ्या. सुती मोजे घामाने भिजले की भिजलेलेच राहतात. सुरुवातीला बुटातलं आतलं तळपान बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. चवडा त्याच्या कडेबाहेर जात असेल तर तो जोड घालून बघायचीही गरज नाही. बोटांपुढे साधारण एक ते दीड सेंटिमीटर मोकळं दिसायला हवं. मग दोन्ही बूट चढवून नाडी पूर्ण बांधा. चांगल्या दुकानात उताराची छोटी फळी असते, तिच्यावरून खाली उतरा. बोटं पुढे आपटली तर नंबर लहान आहे किंवा नाडी घोट्याशी सैल आहे. घोट्याच्या वळणावर बऱ्याच बुटांना नाडी अडकवून ठेवणारा खोल हुक असतो. नाडी तिथे घट्ट ओढली की टाच मागे बसते आणि चवड्यावरची नाडी सैल ठेवता येते. रुंद पावलासाठी ही युक्ती फार कामाची आहे. विक्रेता घाई करत असेल तर दुसऱ्या दुकानात जा. वीस-पंचवीस मिनिटं बूट घालून दुकानात फिरणं इथे अजिबात वावगं मानत नाहीत.

आता रानातलं काम. शिकारीला जाणारा माणूस तीन-चार प्रकारे रानात असतो आणि प्रत्येकाची मागणी निराळी. हॉखझिट्सवर, म्हणजे लाकडी मचाणावर, माणूस पहाटे किंवा संध्याकाळी तासन्‌तास हालचाल न करता बसतो. डिसेंबरात तिथे पाय गोठतात. त्यासाठी जाड उबदार अस्तराचे, आतला लोकरी मोजा वेगळा काढता येणारे ढगळ बूट वापरतात, पण त्यांत चालणं जड जातं. दबक्या पावलांनी माग काढायचा असेल तर तळ थोडा मऊ हवा, म्हणजे पायाखालची काटकी मोडण्याआधी जाणवते. आल्प्समध्ये गेम्झे या डोंगरी रानबकऱ्यांमागे जायचं तर ताठ तळाचे, गिर्यारोहणाच्या जातीचे बूट लागतात. हाकारा मात्र दिवसभर चालत असतो. वाटेने नव्हे, तर स्प्रूसच्या दाट रोपांतून, चिखलातून आणि ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्यांतून. कोकणातल्या करवंदीच्या जाळीत शिरल्यासारखंच ते, फक्त खाली पाणी आणि कुजकी पानं.

म्हणून पहिली जोडी मी हाकाऱ्याच्या कामाच्या हिशेबाने घ्यायला सांगतो. उन्हाळ्यात मचाणावर बसायला आणि रविवारी डोंगरात फिरायला तीच चालते. इथे बुटांची ए ते डी अशी वर्गवारी असते. माइंडलने आणलेली ही पद्धत आता बरेच जण वापरतात. ए म्हणजे सपाट वाटेचे हलके बूट, डी म्हणजे बर्फाच्या भिंती चढायचे. आपल्याला बी किंवा बी/सी हवेत. पूर्ण चामड्याचे, घोट्याच्या बऱ्यापैकी वर येणारे, आणि खाली सगळीकडून रबराची पट्टी असलेले घ्या. काटे आणि दगड आधी त्या पट्टीवर येतात, त्यामुळे चामडं वाचतं. कापडी जाळीचे बूट दुकानात हलके आणि छान वाटतात, पण ब्लॅकबेरीचे काटे जाळी ओरबाडून काढतात.

सह्याद्रीत फिरलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. गडांवर ॲक्शनचे ट्रेकिंग बूट कातळाला किती घट्ट धरतात हे आपल्याला माहीत आहे. त्या सवयीने इथे येऊन तीच अपेक्षा ठेवू नका. इथे कोरडा कातळ क्वचित भेटतो. शेवाळलेली मुळं, साल निघालेले ओंडके आणि ओली पानं मात्र जागोजागी असतात. चांगल्या बुटांना बहुधा व्हिब्रमचा रबरी तळ असतो. १९३५ मध्ये पुंता राझिका शिखरावर सहा सोबती गमावल्यानंतर व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने तो तयार केला आणि १९३७ पासून तो बाजारात आला. चिखलात आणि खडीत तो उत्तम पकडतो. ओल्या मुळावर मात्र कुठलाही तळ घसरतोच. तिथे मूळ ओलांडायचं, त्यावर पाय द्यायचा नाही.

आत जलरोधक पडदा असावा की नुसतं चामड्याचं अस्तर, यावर शिकाऱ्यांत मतभेद आहेत. चामड्याच्या अस्तरात पायाला घाम कमी येतो आणि बूट अधिक वर्षं टिकतात, हे खरं आहे. तरी नवख्याने गोअर-टेक्ससारखा पडदा असलेले घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. नोव्हेंबरच्या सकाळी गुडघाभर ओल्या गवतातून चालताना चामड्याची निगा नेमकी किती राखलेली आहे यावर सगळं अवलंबून असतं, आणि ती निगा अंगवळणी पडायला वेळ लागतो.

किंमत साधारण अडीचशे ते चारशे युरोच्या घरात जाते. नव्याने आलेल्याला हे जड वाटतं, आणि वाटणारच. घर, डिपॉझिट, थंडीचे कपडे असा खर्च समोर असताना तर फारच. यंदा एकदाच जायचं असेल तर कुणाकडून तरी मागून घ्या, नाहीतर साधे रबरी गमबूट घाला, कुणी काही म्हणत नाही. दरवर्षी जाणार असाल तर मात्र पैसे इथे खर्च करा. घेतानाच विचारा की याला नवा तळ बसवता येतो का. वर सांगितलेल्या तिन्ही कंपन्या बऱ्याच बुटांना कारखान्यात नवा तळ लावून देतात, त्यामुळे एकच जोड वर्षानुवर्षं चालतो. खरेदीसाठी शिकारीच्या सामानाची दुकानं बरी. १९०८ पासून चालत आलेल्या फ्रांकोनियाच्या शाखा मोठ्या शहरांत आहेत. फेब्रुवारीत जवळच साल्झबुर्गला शिकार आणि मासेमारीचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे एकाच फेरीत सगळे साचे घालून बघता येतात.

ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. तेव्हा घरात सतरंजीवरच घालून बघा, अंगणातसुद्धा नको. दुकानातून घेतलेली वस्तू नुसती आवडली नाही म्हणून परत घेणं कायद्याने बंधनकारक नाही, ती दुकानदाराची मर्जी. बिल जपून ठेवा, कारण वस्तूत मूळचा दोष निघाला तर दोन वर्षांपर्यंत विक्रेता जबाबदार असतो.

जुने, वापरलेले बूट स्वस्तात मिळतात, पण एक धोका ओळखून घ्या. बहुतेक बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतून कुजत जातो आणि काही वर्षांनी अचानक भुगा होऊन तळ सुटतो, वरचं चामडं नवं कोरं दिसत असलं तरी. न वापरता पडून राहिलेल्या बुटांना हे लवकर होतं. म्हणून भारतात सुट्टीला जाताना नेलेले बूट ‘पुढच्या वेळी ट्रेकला होतील’ म्हणून मुंबईच्या किंवा कोकणातल्या घरी कपाटात ठेवून येऊ नका. तिथली दमट उष्ण हवा त्यांना फार लवकर खाते. बूट इथेच ठेवा आणि वापरत राहा.

निगा सोपी आहे, पण चुकवायची नाही. रानातून आल्यावर नाडी आणि तळपान काढा, कोमट पाण्याने चिखल धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते तासाभराने बदला. हीटरवर किंवा त्याच्या शेजारी बूट कधीही ठेवू नका, चामडं आक्रसून तडकतं. पूर्ण सुकण्याआधी, थोडी ओल असताना, मेण पातळ चोळा. तेल किंवा चरबी थापू नका, त्याने चामडं मऊ पडतं आणि पडद्याचं श्वास घेणंही कमी होतं. तळाच्या खाचांतली माती दर वेळी ब्रशने काढा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये जर्मनीतल्या रानडुकरांत पहिल्यांदा सापडला आणि तो बुटांच्या मातीतूनही एका रानातून दुसऱ्या रानात जाऊ शकतो. यजमान शिकारी हे बारकाईने बघतात.

आणखी एक गोष्ट बुटांइतकीच महत्त्वाची आहे. बव्हेरियाचा बहुतांश भाग गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या जोखमीच्या क्षेत्रात येतो. त्याची लस आहे, तीन डोस असतात, घरच्या डॉक्टरकडे मिळते. गोचिडींमुळेच होणाऱ्या बोरेलिओसिसवर मात्र लस नाही. पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेशी, काखेत नीट तपासा, मुलांचं तर आधी.

बूट ही शिकारीच्या आदल्या दिवशी घ्यायची वस्तू नाही. ऑगस्टच्या अखेरीस घ्या. पहिला आठवडा घरात रोज तासभर घाला, मग बाजारहाटाला, मग रविवारी इझार नदीच्या काठाने किंवा टेगर्नझे तळ्याजवळच्या एखाद्या टेकडीवर अर्धा दिवस. एकाच जागी सतत टोचत असेल तर त्या जागी बाहेरून खडूची खूण करून दुकानात घेऊन जा. चामड्याचा तेवढाच भाग यंत्राने ताणून देता येतो आणि बऱ्याच ठिकाणी ते करून देतात.