वस्तीच्या हाती कॅमेरा : सामूहिक छायाचित्र-उपक्रम कसा राबवावा

1990च्या दशकाच्या प्रारंभी चीनमधील युन्नान प्रांतात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांच्या पुढाकाराने 62 ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे देण्यात आले. मक्याच्या शेतात निंदणी करणारी बाई आणि त्याच शेतात एकटे निजवलेले तिचे तान्हे मूल, असे एक दृश्य त्यांतून पुढे आले. ती अडचण तेथील जवळपास प्रत्येक शेतकरी घराची होती, आणि पुढे पाळणाघरांची सोय करताना या छायाचित्रांचा आधार मिळाला. ही पद्धत ‘फोटोव्हॉइस’ म्हणून ओळखली जाते. आपल्या गावात किंवा वस्तीत ती सहज राबवता येते.

प्रथम सात ते दहा जणांचा गट जमवावा. त्याहून मोठ्या गटात अबोल माणसे मागे पडतात. विषय गटानेच ठरवावा. पाणी भरणे, कामावर जाण्याची वाट, म्हाताऱ्या माणसांचा दिवस, असा रोजच्या जगण्यातला विषय उत्तम. साधा मोबाइल पुरतो.

पहिली बैठक मात्र कॅमेऱ्याविना घ्यावी आणि ती संमतीसाठीच राखून ठेवावी. कोणाचेही छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, ते कोठे लावले जाईल हे सांगावे, आणि नंतर कोणी नकार दिला तर ते निमूटपणे काढून टाकावे. मुलांच्या बाबतीत पालकांची आणि मुलांचीही परवानगी घ्यावी. मोबाइलमधील ठिकाणाची नोंद बंद ठेवावी.

त्यानंतर आठवडाभर प्रत्येकाने छायाचित्रे काढावीत आणि त्यांतील दोन-तीन स्वतः निवडावीत. ही निवड संयोजकाने करू नये, कारण ‘चांगला फोटो’ शोधण्याच्या नादात नेमके सांगायचे तेच वगळले जाते.

उपक्रमाचा प्राण पुढच्या बैठकीत आहे. तिला किमान दोन तास द्यावेत. छायाचित्रांच्या छापील प्रती मध्यभागी मांडून सर्वांनी गोलाकार बसावे आणि प्रत्येक छायाचित्राबाबत क्रमाने विचारावे : येथे काय दिसते? प्रत्यक्षात काय घडते आहे? याचा आपल्या जगण्याशी काय संबंध? हे असे का आहे? आपल्याला काय करता येईल? रिकाम्या हंड्याचे चित्र पाहून शेजारीण ‘आमच्याकडेही असेच’ म्हणते, तेव्हा एकटीची वाटणारी अडचण दोघींची होते. अशा वेळी संयोजकाने मध्ये बोलू नये. शांतता लांबली तरी थांबावे. सांगणाऱ्याचे बोलणे त्याच्याच बोलीत टिपून घ्यावे आणि तीच छायाचित्राखालची ओळ करावी. ती प्रमाणभाषेत ‘सुधारण्याचा’ मोह आवर्जून टाळावा.

शेवटी समाजमंदिरात किंवा शाळेच्या ओसरीवर प्रदर्शन भरवावे. ग्रामसभेच्या दिवशी भरवल्यास सरपंच, अंगणवाडी सेविका आणि आशा सेविका यांची गाठ आपोआप पडते. पाहुण्यांना माहिती छायाचित्र काढणाऱ्यानेच द्यावी. प्रदर्शन उतरवल्यावर त्या प्रती ज्याच्या त्याला परत कराव्यात, आणि ज्यांची छायाचित्रे काढली त्यांच्या घरीही एकेक प्रत नेऊन द्यावी.