जुन्या अमेरिकन गव्हर्नरवर लेख कसा लिहायचा, कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर हायरम जॉन्सन याला घेऊन सांगतो

आधी एक गोष्ट, गव्हर्नर दिसला की लगेच 'राज्यपाल' टाइप करू नका. आपल्या राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात, तिकडचा गव्हर्नर लोक निवडून देतात आणि राज्याचा कारभार तोच हाकतो, म्हणजे कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. सरळ गव्हर्नरच लिहा.

मग जन्मापासून सुरुवात करायची का? करू नका, झोप येते. माणसाचं भांडण कुणाशी होतं ते शोधा. जॉन्सनचं तर घरातूनच सुरू होतं, जन्म १८६६ चा सॅक्रामेंटोचा, बाप ग्रोव्ह जॉन्सन वकील आणि राजकारणी, आणि सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या गोटातला, तेव्हा कॅलिफोर्नियाचं राजकारण या कंपनीच्या खिशात होतं असं लोक उघड बोलायचे, आणि पोरगा १९१० मध्ये उभा राहिला तो याच रेल्वेला राजकारणातून हाकलतो म्हणून! प्रचाराला ट्रेन नाहीच, मोटार घेऊन गावोगाव धुरळा उडवत फिरला. त्याआधी १९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लाचखोरी खटल्यात सरकारी वकील हेनी यांना भर कोर्टात गोळी लागली (वाचले ते), तो खटला जॉन्सनने पुढे नेला आणि शहराचं राजकारण पडद्यामागून चालवणाऱ्या एब रूफला शिक्षा झाली. नाव तिथेच झालं.

तारखांमध्ये सगळे गडबडतात. निवडणूक नोव्हेंबर १९१० ची, शपथ जानेवारी १९११ ची. सिनेटवर निवडून आला १९१६ मध्ये, पण गव्हर्नरची खुर्ची सोडली मार्च १९१७ मध्ये. दोन्ही तारखा लिहा, एकच लिहिली की कुणीतरी चूक काढतोच.

कामांची यादी देत बसू नका, जे आजही चालू आहे ते उचला. ऑक्टोबर १९११ मध्ये लोकांच्या सह्यांवर कायदा मतदानाला टाकायची आणि निवडलेल्याला परत बोलवायची सोय राज्यघटनेत आली, त्याच रिकॉलने, म्हणजे परत बोलवण्याने, २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस घरी गेले आणि श्वार्झनेगर आले. बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) तुमच्या भावा-बहिणीकडे मतदानाचा हक्क असेल तर विचारा, मतपत्रिकेवर प्रपोझिशनची, म्हणजे लोकांनी थेट मत द्यायच्या प्रस्तावांची, रांग असते ती इथलीच. बायकांना मताधिकारही त्याच दिवशी मिळाला, पण त्याचं श्रेय जॉन्सनला देऊ नका, तो त्यासाठी उघड प्रचाराला उतरलाच नव्हता.

आणि वाईट बाजू गाळू नका हो. १९१३ चा जमीन कायदा त्याच्याच सहीचा, नागरिकत्व मिळू न शकणाऱ्या परदेशी लोकांना शेतजमिनीची मालकी नाही, रोख जपानी शेतकऱ्यांवर होता, आणि १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भारतीयांनाही नागरिकत्वाला अपात्र ठरवल्यावर तिकडचे पंजाबी शेतकरीही त्यात अडकले. सुधारक म्हणून मिरवणाऱ्या माणसाच्या लेखात यावर एक ओळ टाकून पळणं मला तरी पटत नाही, चांगला परिच्छेद द्या.

एक किस्सा मात्र हवाच. १९१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार ह्यूज आणि जॉन्सन लाँग बीचच्या एकाच हॉटेलात होते तरी भेट झाली नाही, जॉन्सनच्या माणसांना ते लागलं, आणि ह्यूज कॅलिफोर्निया चार हजारांहून कमी मतांनी हरले, राष्ट्राध्यक्षपदही गेलं. फक्त या रुसव्यामुळेच हरले असं ठोकून देऊ नका, लोक म्हणतात एवढंच लिहा.

साहित्य कुठे मिळेल? कॅलिफोर्नियाची जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन फुकट वाचता येतात, आणि त्याची पत्रं बर्कलीच्या बँक्रॉफ्ट लायब्ररीत आहेत. मृत्यूची बातमी शोधताना जरा धीर धरा, तो गेला ६ ऑगस्ट १९४५ ला, हिरोशिमाच्या दिवशी, त्यामुळे पहिल्या पानावरच थांबू नका, आतली पानंही चाळा.