जुन्या मिनी ट्रॅक्टरला ऑइल प्रेशर गेज बसवताना या चुका टाळा

मुरबाड, शहापूर, भिवंडी या पट्ट्यात भाताच्या खाचरांत फिरणाऱ्या १५ ते २५ एचपीच्या जुन्या मिनी ट्रॅक्टरांवर ऑइल प्रेशरसाठी बहुधा एक लाल दिवाच असतो. तो पेटवणारा स्विच साधारण ०.३ ते ०.५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशरला काम करतो. दिवा लागेपर्यंत बेअरिंगला कोरडं फिरायची वेळ आलेली असते. म्हणून काट्याचं गेज बसवणं शहाणपणाचं. पण गेज बसवणं म्हणजे इंजिनातल्या ऑइलला बाहेर पडायला एक नवी वाट करून देणं. पुढच्या बहुतेक चुका या वाटेवरच्याच आहेत.

आटे न ओळखता फिटिंग आणणे

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. स्विच बहुतेक वेळा ऑइल फिल्टरच्या आसपास ब्लॉकवर असतो आणि त्याचीच जागा गेजला वापरतात. जपानी घराण्याच्या इंजिनांत (कुबोटा, यानमार, मित्सुबिशी) तिथे सहसा १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे टेपर, म्हणजे निमुळते) आटे असतात. दुकानात 'वन-एट' एवढंच मागितलं तर १/८ एनपीटी (अमेरिकन मापाचे टेपर आटे) हातात पडू शकतं, कारण आयात केलेली बरीच गेज त्याच आट्यांची येतात. एम१०×१ हे तिसरं भावंडही आहेच. तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात:

- १/८ बीएसपीटी: बाहेरचा व्यास सुमारे ९.७ मिमी, इंचाला २८ आटे
- १/८ एनपीटी: सुमारे १०.३ मिमी, इंचाला २७ आटे
- एम१०×१: १० मिमी, आट्यांतलं अंतर १ मिमी

फसगत अशी होते की चुकीचं फिटिंगही दोन-तीन फेरे सहज जातं आणि मग जड होतं. टेपर आटे जड होतातच, हे माहीत असल्यामुळे माणूस पान्ह्याला जोर देतो. ब्लॉकमधले आटे गेले, किंवा फिल्टरचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग तडकलं, की दोनशे रुपयांचं काम हजारांत जातं. काढलेला मूळ स्विच खिशात घालून दुकानात जा. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे भागातल्या हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानांत थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावून मापून घ्या आणि सगळी फिटिंग त्याच मापाची घ्या. टेपर फिटिंग हाताने घट्ट झाल्यावर पान्ह्याने दीड ते दोन फेरे पुरे. टी (तीन तोंडांचा जोड) किंवा निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा तुकडा) आवळताना एक पान्हा ब्लॉककडच्या तुकड्यावर धरा, नाहीतर आतला जोडही त्याच्यासोबत फिरतो.

टेफ्लॉन टेपची पगडी

नळाला गुंडाळतात तशी टेप इथे गुंडाळू नका. तिचे तुकडे गेजच्या बारीक छिद्रात किंवा ऑइलच्या वाटेत जाऊन बसतात. ऑइल चालणारं लिक्विड थ्रेड सीलंट वापरा आणि टोकाचे पहिले एक-दोन आटे कोरडे ठेवा. इलेक्ट्रिक सेंडर (प्रेशर मोजून वायरने काट्याला कळवणारा भाग) असेल तर टेपचं आणखी एक दुखणं आहे: एकाच टर्मिनलचा सेंडर अर्थ (अर्थिंग) आट्यांतूनच घेतो, आणि जाड टेप तो अर्थ कच्चा करते.

दिवा काढून फक्त गेज लावणे

चिखलणीच्या वेळी ड्रायव्हरची नजर केजव्हील (चिखलणीची लोखंडी चाकं) आणि बांधावर असते. काट्याकडे कोण बघणार? दिवा मात्र डोळ्याच्या कडेलाही दिसतो. त्यामुळे स्विच काढून टाकू नका. पितळी टी लावून दोन्ही ठेवा.

आता त्या टीचं. स्विच आणि डब्याएवढा सेंडर असं ओझं लटकलेली टी थेट ब्लॉकवर लावली, की इंजिनाच्या थरथरीने पितळी निपल मुळाशी तडकतो. युवराज २१५ सारख्या सिंगल सिलिंडर मशीनवर तर ही शक्यता आणखी जास्त. ब्लॉकला फक्त एक स्टीलचा ॲडॅप्टर ठेवा, तिथून साधारण ३० सेमीचा हायड्रॉलिक होज काढा आणि टी चॅसिसवर पट्टीने पक्की करा. मात्र टी रबरी होजवर गेली की ब्लॉकमधून मिळणारा अर्थ तुटतो. दिवा लागेनासा होतो आणि गेज मनाला येईल ते दाखवतं. टीच्या अंगाला वायर बांधून ती थेट इंजिनाच्या बोल्टवर न्या. गेज बिघडलं समजून बदललं जातं, आणि दोष या एका वायरचा निघतो.

नळी कशीही ओढणे

मेकॅनिकल गेजमध्ये ऑइल नळीतून थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. सोबत आलेली नायलॉनची नळी सायलेन्सर किंवा मॅनिफोल्डजवळून गेली की मऊ होऊन फुटते. गरम मॅनिफोल्डवर ऑइल उडालं तर आगीचीही भीती. तांब्याची नळी उष्णता सोसते, पण सततच्या थरथरीने कडक होऊन चिरते, म्हणून इंजिनाजवळ तिला दोन-तीन वेढ्यांची गुंडाळी द्या. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट आणि दर २०-२५ सेमीवर क्लॅम्प हवाच. आमच्या मते जुन्या ट्रॅक्टरला दोन्हींपेक्षा बारीक हायड्रॉलिक होज बरा. थोडा महाग पडतो, पण एकदाच बसतो.

नळीतली हवा काढण्यासाठी मात्र जीव टाकू नका. अडकलेली हवा तेवढंच प्रेशर पुढे नेते आणि काट्याची फडफड कमीच करते.

गेजची निवड

०–७ किलो (०–१०० पीएसआय) घ्या. ०–१० वर निष्क्रिय गतीचं (आयडलिंगचं) ०.७ किलो वाचताच येत नाही, आणि ०–४ चा काटा थंड इंजिनात टोकाला आपटतो. १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय. इलेक्ट्रिक घेणार असाल तर गेज आणि सेंडर एकाच जोडीतले घ्या: युरोपीय पद्धतीचे सेंडर १०–१८० ओहमचे, अमेरिकन २४०–३३ ओहमचे, आणि जोडी चुकली की प्रेशर वाढताना काटा खाली जातो. वीज चावीनंतरच्या फ्यूजमधून घ्या, थेट बॅटरीवरून नाही. पावसाळ्यात आणि खाडीलगतच्या हवेत टर्मिनल लवकर हिरवी पडतात. ग्रीस आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) लावा.

थंड इंजिनाचा आकडा खरा मानणे

पहिल्यांदा स्टॉप नॉब ओढून ८–१० सेकंद क्रँक करा आणि जोड बघा. मग सुरू करून निष्क्रिय गतीवर दोन मिनिटं. थंडीत ४–५ किलो दिसणं नेहमीचं, त्यावर खूश होऊ नका. अर्धा तास रोटाव्हेटर चालवून मग वाचा. अनेक लहान कुबोटा डिझेल इंजिनांना गरम असताना निष्क्रिय गतीवर किमान ०.५ किलो आणि पूर्ण गतीवर २ ते ४.५ किलो अपेक्षित असतं. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या.

काटा खाली दिसला तर लगेच इंजिन खोलू नका. आधी दुसरं गेज लावून खात्री करा, मग डिपस्टिक बघा. पातळी आपोआप वाढली असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर फीड पंप किंवा इंजेक्शन पंपाच्या सीलमधून डिझेल मिसळतंय. दूधट रंग म्हणजे पाणी. दोन्ही नसेल तर फिल्टर, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा), स्ट्रेनर (ऑइल ओढतानाची जाळी) आणि सगळ्यात शेवटी बेअरिंग. १५डब्ल्यू-४० च्या जागी जाड ऑइल घालून काटा वर आणणं ही फसवणूक आहे; झिजलेलं बेअरिंग तसंच राहतं आणि थंड इंजिनात ऑइल उशिरा पोचतं. उतारावरच काटा पडत असेल, तर आधी ऑइलची पातळी पूर्ण करून पुन्हा बघा.

पहिल्या दहा तासांनी सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून तपासा. पाझर दिसला तर इंजिन थंड झाल्यावर जोड उघडून नवं सीलंट लावा. गरम असताना वरूनच आवळत राहिलात, तर पुढचा पाझर तडकलेल्या हाउसिंगमधून येईल.