मनालीच्या तळ्यांवरची शिखरं: कोल्हापुरातून निघण्याआधीची तयारीची यादी

सप्टेंबरात मनालीला जायचं ठरलं की ट्रेकच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: "शिखर किती हजार फुटांचं?" हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघायचं ते रात्री किती उंचीवर झोपणार, आणि दुपारी बारा-एकला मागं फिरलो तर अंधार पडायच्या आत तंबूत पोचणार का. तयारीची सुरुवात इथून करा. बूट नंतर.

नकाशा उघडून आधी तळी शोधा. पाणी, मुक्काम, खच्चरांची वाट हे सगळं तळ्यांच्या आणि कुरणांच्या आसऱ्यानं असतं, शिखर त्यातून आपोआप ठरतं. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे. मनालीजवळच्या सोलंगच्या वरच्या खोऱ्यात व्यासकुंड, साधारण ३,७०० मीटर. गुलाब्याच्या अंगाला भृगू तलाव, साधारण ४,३००. चंद्रतालही तेवढ्याच उंचीवर, पण तो पार पलीकडे स्पितीत. हामटा खिंड करून मग गाडीनं तिकडं जातात, त्यामुळं पहिल्या फेरीत तो सोडून द्या. एका खोऱ्यात राहून एक तळं आणि एक शिखर नीट होतं. तीन तळ्यांची यादी घेऊन गेलेली मंडळी बहुतेक वेळ जीपमध्ये काढतात.

व्यासकुंडाच्या भोवती उभी असलेली शिखरं बघून कुणाचंही डोकं फिरेल. फ्रेंडशिप ५,२८९ मीटर, शेजारी शितीधर, मागं हनुमान टिब्बा. फ्रेंडशिपच्या नावाला भुलू नका. क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लोखंडी खिळे), आईस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड), दोर आणि मध्यरात्रीनंतर बर्फावरून चालणं हे सगळं त्यात आलं. कळसूबाई, साल्हेर, रांगणा केलेत म्हणून ते जमेल असं नाही, कारण घसरल्यावर स्वतःला थांबवायची कला सह्याद्रीत शिकायलाच मिळत नाही. त्याचीच हौस असेल तर मनालीतच अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे, तिथला २६ दिवसांचा बेसिक कोर्स करा आणि मग या. देव टिब्बा तर ६,००१ मीटरचा, तो फोटोत बघावा.

राहिलं पतालसू. साधारण ४,२०० मीटर, सोलंगवरून सुरुवात, सप्टेंबरात एरवी दोर न लावता होणारं. आकडा ऐकून ग्रुपमधला एखादा नाक मुरडणार, त्याला उभी चढाई मोजून दाखवा. सोलंगपासून माथ्यापर्यंत जवळपास १,७०० मीटर. पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई चढतो त्याच्या दुप्पट. नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये घालून दिलेला हिशेब अजून वापरतात: सपाटीला तासाला ५ किलोमीटर, आणि चढाईच्या दर ६०० मीटरला एक तास जादा. म्हणजे नुसत्या उंचीचेच तीन तास, अंतराचे वेगळे, आणि हा हिशेब धडधाकट माणसाचा, कमी उंचीवरच्या जाड हवेतला. ३,५०० च्या वर मी तो सरळ दीडपट धरतो. एका दिवसात होत नाही असं दिसलं तर मध्ये तंबू टाकायचा. त्यात कमीपणा काही नाही.

भृगूला सगळे "सोपा" म्हणतात. वाट गवताची आहे, खरं. पण मनालीहून निघून दोन-तीन दिवसांत ४,३०० गाठायचे, आणि तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा की ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा. आपली पोरं जुलैच्या चिखलात पन्हाळा ते पावनखिंड चालतात, पायांची चिंता नाही. पण पन्हाळाच मुळी साधारण तीन हजार फुटांवर. उंचीवर झोपायची सवय तिथं होत नाही, आणि विरळ हवेची डोकेदुखी तगड्या माणसालाही सोडत नाही. उलट तोच आधी जोरात पळतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. पहिली रात्र मनालीत. दुसऱ्या दिवशी सोलंगच्या आसपास भटकायचं आणि तिथंच झोपायचं. मग बकरथाचला, साधारण ३,३०० मीटरवर, दोन रात्री, मधल्या दिवशी व्यासकुंडाला जाऊन परत. यात झोपायची उंची एका रात्रीत जवळपास ८०० मीटरनं वाढते, ५०० पेक्षा बरीच जास्त, म्हणूनच तिथली दुसरी रात्र कापायची नाही. सगळ्यांची डोकी शाबूत असतील तर खाली येऊन पतालसू. व्यासकुंडाच्या वाटेवर हिमनदीनं आणून टाकलेले धोंडे आहेत, हलणारे. ओढे सकाळी ओलांडा. दुपारी बर्फ वितळून तेच पाणी गुडघ्याच्या वर येतं.

सराव. रंकाळ्याला फेऱ्या मारून दम वाढतो, मांड्या तयार होत नाहीत. केर्लीकडून जोतिबा पायी चढा, पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन, आणि महत्त्वाचं म्हणजे उतरताही पायीच या. वर जाऊन गुलाल लावून वडापच्या जीपनं खाली यायचं नाही. गुडघे उतारावरच बोलायला लागतात, आणि ते इथं बोललेले बरे. निघायच्या आधीच्या महिन्यात शनिवार-रविवार सलग दोन दिवस चाला, कारण दुसऱ्या सकाळी दुखऱ्या पायांनी निघणं हाच खरा सराव.

बूट नवे घेणार असाल तर आत्ताच घ्या आणि तेच घालून जोतिबा करा. घेताना जाड मोजा घालून संध्याकाळी दुकानात जा, पाय तेव्हा फुगलेले असतात. उतारावर अंगठा पुढं टेकता कामा नये. कपड्यांत सुती काही नको, घाम धरून ठेवतं आणि थांबल्यावर गार पडतं. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो, वर वारा वेगळा. अंगाला लागून घाम सुकवणारा टीशर्ट, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, आणि मुक्कामाला फुगीर जाकीट. कानटोपी, काळा चष्मा, डोक्याची बॅटरी, दोन काठ्या. कोल्हापुरी चप्पल घरी ठेवा, ओल्या गवतात कातडं दोन दिवसांत वाकडं होतं.

खाण्यात आपला गूळ न्या, बाकी चॉकलेटांना बाजूला सारील. पण ढेप तशीच नेऊ नका. थंडीत तो दगड होतो आणि हातमोजे घातलेल्या हातानं फुटत नाही. घरीच सुपारीएवढे खडे करायचे, भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर लहान पिशव्यांत भरायचे, एका दिवसाला एक पिशवी, जाकिटाच्या आतल्या खिशात. उंचीवर भूक मरते, तरी हे तोंडात जातं. भडंग मुक्कामाला भारी, चढताना घशात अडकतो. कांदा-लसूण मसाल्याची पुडी ठेवा, डाळ-भाताची चव सुधारते. तांबडा रस्सा परत आल्यावर.

औषधांचं घरच्या डॉक्टरांशी आधीच बोला, विशेषतः बीपी, साखर, दमा असेल तर. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी त्यांच्या सांगण्यावरूनच, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगायचं. गोळी घेतली म्हणून वर जायची मुभा मिळत नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर तिथंच थांबणं. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला, तर रात्र असली तरी खाली. हे ग्रुपमध्ये निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर बोलून घ्या, आणि मागं फिरायचा शब्द कुणाचा चालेल तेही. दुखणं लपवणारा एक तरी असतोच.

जुलै-ऑगस्ट टाळा. २०२३ च्या जुलैत बियासला पूर आला तेव्हा मनालीचा रस्ता जागोजागी वाहून गेला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीवर गेली की आपण गाडी बाहेर काढत नाही, तसाच तिथल्या हवामान खात्याचा इशारा रोज बघायचा. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा बरा, तरी दुपारनंतर ढग येतातच.

तिकीट. कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला गाडी आठवड्यातून एकदाच आहे, दीड दिवसाचा प्रवास, पुढं दिल्लीहून रात्रीची बस. परतीचं आरक्षण शिखराच्या दुसऱ्या दिवसाचं काढू नका. मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा, आणि ती गाडी चुकली तर पुण्यापर्यंत यायला दुसरं काय मिळतं ते आधी लिहून ठेवा. नाहीतर रजा संपत आली म्हणून ढगातही वर चढायचा मोह होतो.