उंचीला भुलू नका: दुभत्या जनावरांसाठी संकरित नेपियरचा वाण कसा निवडावा

नेपियर या चाऱ्याच्या उंच गवताचे बेणे विकणारे गवताशेजारी माणूस उभा करून फोटो काढतात. गवत बारा-पंधरा फूट, माणूस त्याच्या कमरेइतका. फोटो खोटा नसतो, पण तेवढ्या उंचीला पोचलेले गवत कापायला महिना-दीड महिना उशीर झालेला असतो. त्याचा बुडखा उसासारखा कडक होतो, पाने खालून वाळतात आणि गाय वरचे खाऊन बाकीचे गव्हाणीतच सोडते. वाण निवडताना उंची बघायचीच नाही, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. बघायचे ते पाल्याचे प्रमाण, कापणीनंतर फुटव्यांचा जोर, आणि आपले पाणी, जमीन व कुट्टी यंत्र.

आधी गरज मोजा

वाणाचे नाव ठरवण्याआधी किती गवत लागणार, ते काढा. दिवसाला १० ते १२ लिटर दूध देणाऱ्या ४०० ते ४५० किलोच्या संकरित गाईला रोज साधारण २० किलो नेपियर, ६-७ किलो लसूणघास किंवा दुसरा द्विदल चारा, ४-५ किलो कडबा आणि वर खुराक, असा हिशेब बसतो. म्हणजे एका गाईला वर्षाला ७,३०० किलो नेपियर.

विद्यापीठांच्या शिफारशीत चांगल्या वाणांचे उत्पादन हेक्टरी २,००० ते २,५०० क्विंटल दिलेले असते, म्हणजे गुंठ्याला वर्षाकाठी दोन ते अडीच टन. ते संशोधन केंद्रांच्या प्रक्षेत्रावरचे आकडे आहेत. उन्हाळ्यात पाण्याची एखादी पाळी चुकते, थंडीत वाढ मंदावते, खत वेळेवर पडत नाही. म्हणून नियोजन करताना गुंठ्याला १,२०० किलो धरा. त्या हिशेबाने एका गाईला सहा गुंठे लागतात. जास्त निघाले तर मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) करता येतो. कमी निघाले तर मात्र मे महिन्यात वैरण विकत घ्यावी लागते.

मग जमीन आणि पाणी

संकरित नेपियर हा बाजरी आणि नेपियर यांचा संकर. त्याला बी धरत नाही, लागवड ठोंबांनी (मुळांसकट काढलेल्या फुटव्यांनी) किंवा कांड्यांनीच होते. त्यामुळे कोणी पाकिटातून ‘नेपियरचे बियाणे’ देऊ लागला तर तिथूनच परत फिरा. हे पीक एकदा लावले की तीन-चार वर्षे जागेवर राहते, तेव्हा चुकीच्या जागेची किंमतही तितकीच वर्षे मोजावी लागते.

मध्यम ते भारी, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी, एवढे असेल तर बहुतेक सगळे वाण चालतात. पाणी साचणाऱ्या जागेत एकही वाण टिकत नाही. ठोंब पिवळे पडून कुजतात. अशा खाचरात पॅरा गवत लावावे. कोकणात आणि गोव्यात उताराच्या तांबड्या जमिनीवर नेपियर चांगला येतो, पण पावसाळ्यात सरीत पाणी तुंबणार नाही असे चर काढावे लागतात. जानेवारीनंतर विहीर आटत असेल तर नेपियरच्या वाणांची तुलना करण्यात अर्थ नाही. तिथे मारवेलसारखी कोरडवाहू गवते, पावसाळ्यात ज्वारी-मका आणि साठवलेला कडबा हेच खरे.

कोणते वाण विचारात घ्यावेत

महाराष्ट्रात सहज मिळणारी आणि ज्यांच्यामागे संशोधन संस्था उभी आहे अशी नावे मोजकी आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत, फुले जयवंत आणि फुले गुणवंत; उरुळीकांचनच्या बायफ या संस्थेचा बीएनएच-१०; कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे सीओ-३, सीओ-४ आणि सीओ-५; झाशीच्या गवत व चारा संशोधन संस्थेच्या धारवाड केंद्राचा डीएचएन-६.

फुले जयवंत पश्चिम महाराष्ट्रात भरपूर पसरला आहे. पानांवर कूस (टोचणारे बारीक केस) कमी, पाला मऊ, त्यामुळे हाताने कापणाऱ्याला त्रास कमी आणि जनावरही चवीने खाते. दोन-चार जनावरे आणि विळ्याने कापणी असेल, तर सुरुवात याच्यापासून करावी असे आमचे मत. सीओ-४ आणि सीओ-५ ताकदीचे वाण आहेत. फुटवे भरपूर येतात, कांडी रसाळ असते, पण खत-पाण्याची भूकही तशीच. खत कमी पडले की तिसऱ्या-चौथ्या कापणीपासून फुटवे बारीक होत जातात, आणि मग वाणाला दोष दिला जातो.

‘सुपर नेपियर’ म्हणून विकला जातो तो थायलंडचा पाकचोंग-१. वाण चांगला आहे, जाहिरात मात्र वाढवलेली. त्यात १६-१८ टक्के प्रथिने असल्याचे सांगतात. ४५ दिवसांच्या कुठल्याही चांगल्या नेपियरमध्ये कोरड्या वजनावर प्रथिने दहा टक्क्यांच्या आसपास मिळतात, आणि कापणी तीन महिन्यांवर नेली की ती सहा-सातपर्यंत घसरतात. दोन वाणांत जितका फरक नसतो, तितका एकाच वाणाच्या वेळेवर आणि उशिरा केलेल्या कापणीत असतो. पाकचोंगची कांडी लवकर जाड होते. कुट्टी यंत्र नसेल तर तो लावू नये.

‘बुलेट’, ‘फोर-जी’, ‘स्मार्ट’ असल्या नावांबाबत एकच प्रश्न विचारावा: हा वाण कोणत्या संस्थेने, कोणत्या नावाने प्रसारित केला? उत्तर मिळाले नाही तर पाच-दहा कांड्यांवर प्रयोग करायला हरकत नाही, एकरभर नको. बुटक्या, पालेदार प्रकारांचे उत्पादन कमी असते, पण कांडी मऊ असते. शेळ्यांसाठी ते उंच वाणांपेक्षा सोयीचे पडतात.

आणि रायग्रास? परदेशी गोठ्यांच्या चित्रफिती बघून त्याची चौकशी बरीच होते. ते थंड हवेचे गवत आहे. पंजाबात आणि हिमालयाच्या पायथ्याशी हिवाळी चारा म्हणून ते घेतात. आपल्याकडे थंडी जेमतेम अडीच-तीन महिने, आणि पारा तिशीच्या वर गेला की त्याची वाढ थांबते. रब्बीत तीच जागा ओट (केंट, फुले हरिता) आणि बरसीम किंवा लसूणघास यांना द्यावी.

अर्ध्या-अर्ध्या गुंठ्यावर परीक्षा घ्या

पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा आपल्या बांधावरचा वजनकाटा भरवशाचा. दोन किंवा तीन वाण निवडा. प्रत्येकी अर्धा गुंठा, एकाच दिवशी लागवड, पाणी आणि खत सारखेच.

बेणे तीन महिने वयाच्या गवताचे घ्यावे. शेंड्याकडचा कोवळा तिसरा हिस्सा सोडून द्या, उरलेल्या भागाच्या दोन डोळ्यांच्या कांड्या करा. एक डोळा मातीत, एक वर, कांडी थोडी तिरपी. डोळ्याचे तोंड वरच्या बाजूला आहे ना, हे प्रत्येक कांडीला बघा. उलट्या लावलेल्या कांड्या उशिरा आणि कमजोर फुटतात. अंतर ३ × २ फूट. या अंतराने गुंठ्याला १८१ कांड्या बसतात, नांग्या (न फुटलेल्या कांड्यांच्या जागा) भरण्यासाठी धरून २०० आणाव्यात. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत कधीही लावता येते. कडाक्याच्या थंडीत लावलेले डोळे नुसते बसून राहतात.

पहिली कापणी ६० ते ७० दिवसांनी करा, पण तिचे वजन निकालात धरू नका, कारण त्यात बेण्याच्या ताकदीचा फरक असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कापणीला, म्हणजे पुढच्या दर ४५ दिवसांनी, ही मोजमापे घ्या:

१. कडेच्या ओळी सोडून मधले १० ठोंब कापा आणि वजन करा. कडेच्या ठोंबांना ऊन जास्त मिळते, ते नेहमीच फुगलेले दिसतात.

२. त्यातले २० फुटवे डोळे झाकून उचला. पाने कांडीपासून ओरबाडून वेगळी करा, दोन्हींचे वजन करा. ४५ दिवसांच्या गवतात पाल्याचे वजन कांडीच्या बरोबरीचे किंवा जास्त असावे. पाला तिसऱ्या हिश्श्यावर आला असेल तर तो वाण तुमच्या जमिनीत लवकर जून होतो.

३. एक किलो कुट्टी ताडपत्रीवर पातळ पसरून वजन उतरायचे थांबेपर्यंत उन्हात वाळवा. एका वाणाचे १०० किलो हिरवे वाळून १५ किलो राहते आणि दुसऱ्याचे ८० किलो वाळून १६ किलो, असे होऊ शकते. तेव्हा दुसरा वाण जास्त चारा देतो. पहिल्याचे पाणीच वाहून आणले जाते.

४. त्याच जनावराला तीन दिवस मोजून कुट्टी घाला आणि गव्हाणीत उरलेले वजन करा. वाण बदलून पुन्हा तेच. रोज दहा किलोत दोन किलो उरत असेल तर पाचवा हिस्सा शेत उकिरड्यासाठी पिकवतो आहोत, असा त्याचा अर्थ.

५. कापणीनंतर पंधराव्या दिवशी प्रत्येक ठोंबाचे नवे फुटवे मोजा. जो वाण तिसऱ्या कापणीनंतरही दुसऱ्या कापणीनंतरच्या इतक्याच जोमाने फुटतो, तो पुढची दोन-तीन वर्षे टिकेल.

साडेपाच-सहा महिन्यांत हे सगळे उरकते. एवढा धीर नसेल तर शेजारच्या गावात दोन वर्षे जुना प्लॉट शोधा आणि तो मे महिन्यात बघायला जा. सप्टेंबरमध्ये सगळेच नेपियर देखणे असतात.

निवडल्यावर वाण कसा बिघडतो

चांगला वाण हातात आल्यावर तो वाया घालवण्याचे दोन-तीन ठरलेले मार्ग आहेत. पहिला, जमिनीलगत कापणी. बुडापासून चार बोटे ते वीतभर, म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर भाग ठेवावाच. नवे फुटवे तिथल्या डोळ्यांतून येतात. दुसरा, खत. प्रत्येक कापणीनंतर हेक्टरी २५ किलो नत्र, म्हणजे एकरी युरियाची अर्धी गोणी, आणि लगेच पाणी. वर्षातून एकदा शेणखत. युरिया टाकल्यावर निदान तीन आठवडे ते गवत कापू नये, नाहीतर पानांत जनावराला विषारी ठरणारे नायट्रेट साठलेले असते. ताणावर असलेल्या गवताला अचानक पाऊस मिळाला तरी हाच धोका असतो.

तिसरा मार्ग सगळ्यात सर्रास दिसतो: सगळा प्लॉट एकदम वाढू देणे. सहा गुंठ्यांचे ४५ भाग केले तर रोजच्या वाट्याला २४ ठोंब येतात. रोज तेवढेच कापत गेलात की ४६ व्या दिवशी पहिला भाग पुन्हा तयार असतो. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते, तेव्हा फेरी साठ दिवसांची होते आणि रोजचे ठोंब कमी पडतात. ती तूट भरायला ओट आणि लसूणघास आधीच पेरलेले हवेत. पावसाळ्यात उलटे होते, गवत आवरत नाही. तेव्हा वाढलेल्या गवताचा मुरघास करा. नेपियरमध्ये पाणी जास्त आणि साखर कमी असल्याने आधी ते काही तास सुकवावे, टनाला १० ते २० किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडावा आणि कुट्टी तुडवून हवा पूर्ण काढावी. ही मेहनत नको असेल तर मुरघासासाठी मका वेगळा लावलेला बरा.

खायला घालताना ऑक्झलेट लक्षात ठेवा. नेपियरच्या सगळ्याच वाणांत ते कमी-अधिक असते, कोवळ्या पाल्यात जास्त. ते चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे नुसत्या नेपियरवर ठेवलेली, विशेषतः नुकती व्यालेली, गाय अडचणीत येऊ शकते. नव्या गवतावर जनावर आणताना पाच किलोपासून सुरू करून दहा-पंधरा दिवसांत पूर्ण मात्रेवर न्या. पोटातल्या जिवाणूंना ऑक्झलेट पचवण्याची सवय लागायला तेवढे दिवस लागतात. सोबत द्विदल चारा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. वीस-पंचवीस दिवसांत कापलेले ‘लुसलुशीत’ गवत जनावराला आवडते खरे, पण त्यात पाणी आणि ऑक्झलेट दोन्ही जास्त, आणि ठोंबही लवकर थकतो.

बेणे आणताना

राहुरी विद्यापीठाचे प्रक्षेत्र, बायफचे उरुळीकांचन केंद्र किंवा जिल्ह्यातले कृषी विज्ञान केंद्र इथून थोडेच बेणे आणा आणि आपल्या शेतात वाढवा. सहा गुंठ्यांसाठी सुमारे ११०० कांड्या लागतात. चांगला वाढलेला अर्धा गुंठा तीन महिन्यांत एवढे बेणे देऊ शकतो, कारण एका ठोंबाला वीस-तीस फुटवे आणि प्रत्येक फुटव्यातून दोन-तीन कांड्या मिळतात. कापल्यापासून दोन दिवसांत लागवड करा. प्रवास लांबचा असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून, सावलीत. डोळे काळे पडलेल्या, आतून पोकळ किंवा लालसर झालेल्या कांड्या फेकून द्या. गाडी भरण्याआधी मूळ प्लॉट स्वतः उभे राहून बघा. त्यात वेगवेगळ्या रुंदीची पाने आणि वेगवेगळी कूस दिसली तर बेणे मिसळलेले आहे. ते स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.