स्लीव्हनंतरचे पहिले दोन महिने: काय, किती आणि कधी खायचं

स्लीव्ह म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन. उंची 160 सेंटिमीटर आणि वजन 90 किलो असेल, तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, 35 च्या पुढे जातो. मधुमेह, रक्तदाब, यकृतात साठलेली चरबी, झिजलेले गुडघे असं सगळं याच्या मागोमाग येतं. घोरणं चेष्टेवारी नेऊ नका. घोरता घोरता श्वास थांबून माणूस दचकून उठत असेल, तर ऑपरेशनआधी झोपेची तपासणी हवीच. भूलतज्ज्ञाला ते आधी कळलं पाहिजे.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे कमी कॅलरीचं खाणं दिलं जातं, ते वजनकाट्यासाठी नव्हे. सुजलेलं यकृत जठरावर पसरलेलं असतं. ते आकसलं की दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. 'शेवटचं जेवून घे' म्हणत पंगती झडतात, त्यांनी नेमकं हेच बिघडतं.

स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. उरते केळ्यासारखी बारीक नळी. साधारण दोन आठवडे फक्त पातळ: गाळलेलं वरणाचं पाणी, ताक, पातळ सूप. दर पाव तासाला 30 मिली धरलं, तर दिवसभरात दीड लिटर होतं. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेली मूगडाळ, दही. मग मऊ पदार्थ: अंडं, पनीर, मासे. डॉक्टरांनी वेगळं वेळापत्रक दिलं असेल, तर तेच पाळा.

पोळी सगळ्यात शेवटी. नीट न चावलेला घास गोळा होऊन अडकतो, छातीत दाटतं, तोंडाला फेसाळ लाळ येते. तेव्हा वरून पाणी पिऊ नका. जेवण आणि पाणी यांत एरवीही अर्धा तास ठेवा.

रोज 60 ग्रॅम प्रथिनं लागतात आणि एका अंड्यात जेमतेम 6. म्हणून घास पहिला पनीरचा किंवा अंड्याचा, भात जागा उरली तर. सुरुवातीला प्रोटीन पावडरशिवाय हिशेब जुळत नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तास ठेवा, लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच.

ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा स्वस्थ बसूनही नाडी 120 च्या वर असेल, तर टाक्यातून गळतीची शंका घ्या. सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा. सतत उलट्या होत असतील, तर सलाइन लावणाऱ्याला ऑपरेशन झाल्याचं आधी सांगा. थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला इजा होऊ शकते. तोल जाणं, दोन-दोन दिसणं ही त्याची खूण.

आणखी एक फसगत: पोळी अडकते, पण शेव, बिस्किटं, आइस्क्रीम सरसर उतरतात. वर्षा-दोन वर्षांनी वजन परत चढलं, की आधी हे डबे तपासा.