कॅनडातून अमेरिकेतल्या विद्यापीठात अर्ज कसा करावा

ओंटारिओतल्या बारावीच्या मुलाला टोरांटो किंवा मॅकमास्टर विद्यापीठात जायचं असेल तर ओयूएसीच्या (ओंटारिओतल्या विद्यापीठांचं सामायिक अर्ज-केंद्र) वेबसाइटवर एक अर्ज भरायचा, फी भरायची, की गुण शाळेकडून परस्पर पोहोचतात. बहुतेक अभ्यासक्रमांना बारावीच्या सर्वोत्तम सहा विषयांची सरासरी बघतात. आमच्या मोठ्याचं असंच झालं. त्यामुळे धाकटी अकरावीत असताना ‘मला अमेरिकेत अर्ज करायचाय’ म्हणाली, तेव्हा आम्हाला वाटलं, नायगाराच्या पलीकडचाच तर देश, असा काय फरक असणार? तो फरक आम्हाला ठेचा खात कळला (मिरचीचा नव्हे, पायाला लागणाऱ्या). त्यातलं जे तुमच्या उपयोगाचं आहे ते इथे लिहिते आहे.

आधी पासपोर्ट आणि पैसा

कॉलेजांची यादी करण्याआधी मूल कुठल्या देशाचं नागरिक आहे ते बघा. आपल्याकडे एकाच घरात दोन प्रकार असतात: आईवडील अजून भारतीय नागरिक, कॅनडाचे पीआर (कायमचे रहिवासी), धाकट्याचा जन्म ब्रॅम्प्टनचा, म्हणून तो कॅनडाचा नागरिक, मोठी मात्र पुण्यात जन्मलेली, अजून पीआरवरच. प्रवेश समितीच्या दृष्टीने दोघंही परदेशी विद्यार्थी. पण व्हिसाच्या बाबतीत दोघांच्या वाटा वेगळ्या. कॅनडाच्या नागरिकाला विद्यार्थी म्हणून जाताना पासपोर्टवर अमेरिकन व्हिसाचा शिक्का लागत नाही. पीआर असलेल्या भारतीय नागरिकाला लागतो, आणि त्यासाठी वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळवावी लागते. पुढे नोकरीतही हा फरक येतो. टीएन नावाचा जो सोपा कामाचा परवाना आहे तो कॅनडाच्या नागरिकांना मिळतो, पीआरना नाही. तेव्हा नागरिकत्वाचा अर्ज ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून पडला असेल तर आता उठा.

मग पैसा. टोरांटो विद्यापीठात ओंटारिओच्या मुलाला कला-विज्ञान शाखेची वर्षाची शिकवणी फी साधारण ६ हजार कॅनेडियन डॉलर पडते. हार्वर्डचा २०२५-२६ चा शिकवणी, राहणं आणि जेवण धरून खर्च सुमारे ८७ हजार डॉलर आहे, तेही अमेरिकन. हा आकडा बघून अनेक घरांत विषय तिथेच मिटतो, आणि तिथेच चूक होते. त्याच हार्वर्डमध्ये २०२५-२६ पासून वर्षाला १ लाख अमेरिकन डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, मालमत्ता सर्वसाधारण असेल तर, काहीही भरावं लागत नाही, आणि २ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर शिकवणी माफ होते. म्हणजे छापील किंमत एक आणि तुमची किंमत दुसरी. दर कॉलेजच्या साइटवर खर्चाचा अंदाज काढायचं साधन असतं. ते कॅनेडियन डॉलरचे अमेरिकन करून भरा, आणि मुलाला शेजारी बसवून भरा. आमच्या घरात उत्पन्नाचा आकडा मुलांसमोर उच्चारायची ती पहिलीच वेळ होती.

इथे कॉलेजांचे तीन ढीग करायचे. पहिल्या ढिगातली कॉलेजं प्रवेश ठरवताना तुम्ही आर्थिक मदत मागितली आहे की नाही हे बघतच नाहीत, परदेशी मुलांच्या बाबतीतही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन ही त्यातली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ परदेशी मुलांपैकी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मुलांना ही सवलत देतं. शेजारी असल्याचा एवढा तरी फायदा. दुसऱ्या ढिगातली कॉलेजं मदत देतात, पण मागणाऱ्याची निवड जरा हात राखून करतात. तिसरा ढीग सरकारी विद्यापीठांचा. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं नावाजलेली आहेत, पण तिथे परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदत जवळपास मिळत नाही आणि फी राज्याबाहेरच्यांची लागते. काही ठिकाणी शेजारधर्म आहे. मॅनिटोबाच्या मुलांना मिनेसोटात परस्पर कराराने कमी दर लागतो. सीमेजवळ राहत असाल तर समोरच्या राज्यात असं काही आहे का ते विचारा.

दुसऱ्या ढिगातल्या कॉलेजांबाबत एक सल्ला. प्रवेशाची शक्यता वाढावी म्हणून ‘मदत नको’ असं लिहायचं आणि नंतर मागायची, ही युक्ती करू नका. अनेक ठिकाणी सुरुवातीला न मागितलेली मदत पुढे चारही वर्षं मिळत नाही.

नववीपासूनची गुणपत्रिका

कॅनडातल्या घरांना सगळ्यात जास्त धक्का इथे बसतो. ‘बारावीत जोर लावू’ ही आपली सवय. अमेरिकेत नववी ते बारावी चारही वर्षांची गुणपत्रिका जाते, आणि नुसते गुण नाही, विषय किती अवघड घेतले हेही बघतात. दहावीत गणिताचा सोपा वर्ग घेतला की पुढचं कॅल्क्युलस अडतं. तुमच्या शाळेत एपीचे (शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय नसतील तर घाबरू नका. शाळा स्वतःची माहिती देणारं एक पत्रक पाठवते, आणि शाळेत जे उपलब्ध होतं त्यातलं मुलाने काय घेतलं यावर मोजमाप होतं.

सेमिस्टर पद्धतीच्या शाळेत अजून एक गोम आहे. डिसेंबरात ठरणाऱ्या प्रवेशांना बारावीच्या पहिल्या सत्रातले चारच विषय दिसतात, तेही अर्धवट. म्हणून त्या सत्रात सगळे हलके विषय घेऊ नयेत. आणि टक्क्यांचं अमेरिकेतल्या चार गुणांच्या पट्टीत रूपांतर स्वतः करत बसू नका. अर्जात शंभराची पट्टी निवडता येते. ९१ टक्के असतील तर ९१ लिहा.

क्युबेकमध्ये शाळा अकरावीलाच संपते आणि मग सेजेप, म्हणजे शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधलं कॉलेज येतं. शाळेतून थेट अर्ज करायचा की सेजेपमधून, याबद्दल दर कॉलेजचा नियम वेगळा, तेव्हा एकेकाला ईमेल करून विचारा.

शाळेला कामाला लावणं

बहुतेक कॉलेजं कॉमन अ‍ॅप नावाच्या एकाच अर्जावर चालतात; हजाराहून जास्त सभासद आहेत. नवा अर्ज दर वर्षी १ ऑगस्टला उघडतो. एमआयटी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांचे अर्ज स्वतंत्र. मुलाने आपला भाग भरला तरी काम अर्धंच होतं, कारण उरलेला अर्धा शाळेचा असतो: समुपदेशकाचा अहवाल आणि पत्र, गुणपत्रिका, बहुधा दोन शिक्षकांची शिफारसपत्रं आणि फेब्रुवारीत मधल्या सत्राचा अहवाल.

आमच्या शाळेतल्या समुपदेशक बाई भल्या होत्या, पण शेकडो मुलं त्यांच्याकडे आणि असा अर्ज त्यांनी आधी हाताळलेलाच नव्हता. त्यांना वाटलं, गुण तर आपोआप जातात. मुदतीला नऊ दिवस उरले तेव्हा कळलं की काहीच गेलेलं नाही. मग धावपळ. तुम्ही असं करा: अकरावीच्या जूनमध्ये, सुट्टी लागण्याआधी, दोन शिक्षकांना प्रत्यक्ष भेटून विचारा. बारावीत विज्ञान घेणार असलात तरी एक पत्र भाषेच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकांचं असलेलं बरं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात समुपदेशकांना एका पानावर कॉलेजांची यादी, तारखा आणि प्रत्येक ठिकाणी शाळेने काय पाठवायचं ते छापून द्या. सर्वांत जास्त गुण देणारे शिक्षक आणि सर्वांत चांगलं पत्र लिहिणारे शिक्षक वेगळे असू शकतात. ज्यांच्या वर्गात मुलगी चुकली, भांडली, पुन्हा आली, त्यांच्याकडे लिहायला काहीतरी असतं.

एसएटी

साथीच्या काळात ऐच्छिक झालेली ही प्रवेशासाठीची परीक्षा परत येते आहे. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, मग डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र ती बघतच नाही. आता परीक्षा लॅपटॉपवर, सव्वादोन तासांची, १६०० गुणांची. कॅनडात केंद्रं मोजकी, जागा लवकर भरतात. अकरावीच्या वसंतात एकदा आणि गरज पडली तर ऑगस्टमध्ये एकदा, एवढं पुरे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्यांना टोफेल ही इंग्रजीची परीक्षा सहसा लागत नाही. फ्रेंच शाळेतल्यांनी विचारून घ्यावं.

स्वतःबद्दल लिहिणं

मला वाटतं खरी मेहनत इथे आहे, आणि मराठी घरांना तीच जड जाते. स्वतःची टिमकी वाजवू नये हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो, आणि मग सतराव्या वर्षी कोणी तरी दहा रकाने देऊन सांगतं, वाजवा.

कॉमन अ‍ॅपमध्ये शाळेबाहेरचे दहा उपक्रम लिहायला जागा असते, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. माझ्या मुलीने आधी लिहिलं होतं, ‘मंडळाच्या मराठी शाळेत मदत करते’. एवढ्यावरून कोणाला काय कळणार? नंतर झालं ते असं: ‘दर शनिवारी ६ ते ९ वयाच्या बारा मुलांना अक्षरओळख, घरी मराठी न बोलणाऱ्यांसाठी चित्रांचे पत्ते स्वतः बनवले, दोन वर्षं’. गोष्ट तीच, पण आता ती दिसते. ओंटारिओत शाळेच्या डिप्लोमासाठी ४० तास समाजसेवा सक्तीची असते, त्यामुळे नुसते ‘४० तास पूर्ण’ लिहून काही साधत नाही. उलट कॉफीच्या दुकानातली नोकरी किंवा आजीला डायलिसिसला नेणं हे मुलं लिहीतच नाहीत, कारण त्यांना ते ‘उपक्रम’ वाटत नाही. लिहा. घरच्या जबाबदारीसाठी तिथे वेगळा पर्याय दिलेला आहे.

मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंत. आईवडील दोन सुटकेस घेऊन आले, आजीच्या पुरणपोळीत मला माझी ओळख सापडली, या दोन निबंधांपासून शक्यतो दूर राहा. ते खोटे नसतात, पण त्यात नायक आपण असतो आणि मूल बाजूला उभं असतं. एका ओळखीच्या मुलाने बापाच्या गॅरेजमध्ये बर्फ काढायचं जुनं यंत्र तीन हिवाळे दुरुस्त करूनही ते कधीच नीट चाललं नाही यावर लिहिलं होतं. वाचताना तो मुलगा समोर उभा राहतो. आईवडिलांनी निबंध एकदाच वाचावा, फक्त शुद्धलेखनासाठी. मी चार वेळा वाचला आणि तिसऱ्या वेळी तो माझा झाला. मुलीने चिडून पहिला मसुदा परत आणला, आणि तोच गेला.

तारखा आणि बांधिलकी

लवकरच्या अर्जांची मुदत साधारण १ नोव्हेंबर. त्यातला अर्ली डिसिजन हा प्रकार बांधून घेणारा आहे: एकाच कॉलेजला करता येतो, प्रवेश मिळाला तर जावं लागतं आणि बाकी अर्ज मागे घ्यावे लागतात. मदत अगदीच अपुरी असेल तर सुटका होते, पण दुसऱ्या कॉलेजच्या मदतीशी तुलना करायची संधी जाते. पैशांची घासाघीस करायची असेल तर हा मार्ग नको. अर्ली अ‍ॅक्शन बांधत नाही. कॅलिफोर्नियाची मुदत नोव्हेंबरअखेर, नेहमीच्या अर्जांची जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेर, उत्तर १ मेपर्यंत. जानेवारीच्या मध्यापर्यंत ओंटारिओतला अर्जही भरून ठेवा. हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभरातल्या चार-पाच जणांनाही जागा मिळत नाही.

आर्थिक मदतीसाठी अमेरिकन मुलं एफएएफएसए हा जो सरकारी अर्ज भरतात तो तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी सीएसएस प्रोफाइल हा घरच्या उत्पन्नाचा आणि मालमत्तेचा ऑनलाइन अर्ज, जो १ ऑक्टोबरला उघडतो. कॅनडात नवराबायको कर वेगवेगळा भरतात, म्हणून दोघांचे टी-१ (कराची विवरणपत्रं) आणि दोघांच्या नोटीस ऑफ असेसमेंट (त्यावर करखात्याकडून येणारं पत्र) हाताशी ठेवा. मालमत्तेत भारतातलं घर येतं. पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट ‘तो कुठे मोजतात’ म्हणून गाळू नका. कॅनडाच्या करखात्याला टी-११३५ या परदेशी मालमत्तेच्या फॉर्मवर तो दाखवला असेल तर दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत.

प्रवेश मिळाल्यावर

पैशांचा पुरावा दिला की कॉलेज आय-२० हे विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र पाठवतं. त्यावरचा क्रमांक घालून आय-९०१ ही विद्यार्थी-नोंदणीची ३५० डॉलरची फी ऑनलाइन भरायची, आणि तीही निघण्याआधी, कारण सीमेवर ती घेत नाहीत. पीआरवाल्यांनी डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरून व्हिसाची मुलाखत लगेच ठरवावी. नागरिकाने पासपोर्ट, आय-२०, फीची पावती आणि पैशांचे कागद हातातल्या बॅगेत ठेवून निघायचं, तेही आय-२० वर अभ्यासक्रम सुरू होण्याची जी तारीख असते तिच्या आधीच्या ३० दिवसांतच. टोरांटोहून विमानाने जाताना अमेरिकन तपासणी पिअर्सनवरच होते. कागद चेक-इनच्या बॅगेत गेले तर गेले.

आरईएसपीचे (मुलांच्या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातले) पैसे परदेशी विद्यापीठासाठीही काढता येतात. बँकेला प्रवेशाचं पत्र लागतं. शिकवणीवरच्या कर-सवलतीसाठी विद्यापीठाकडून टीएल-११ए हा फॉर्म भरून घ्या. तिथल्या कार्यालयाने तो कदाचित आधी पाहिलेलाही नसेल, तेव्हा कोरी प्रत तुम्हीच पाठवा. ओंटारिओचं आरोग्य कार्ड शिक्षणासाठी चालू ठेवता येतं, मात्र त्यासाठी आधी कळवावं लागतं. कॉलेजचा विमा तरीही घ्यावाच लागतो.

होस्टेलवर पोहोचल्याच्या पहिल्या संध्याकाळी, चादरी घालून झाल्या की, मुलाला आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याची, नोंद ऑनलाइन उघडायला सांगा. कॅनडाचा पासपोर्ट बघून कधी कधी अधिकारी सवयीने पर्यटक म्हणून नोंद करतात. तिथे एफ-१, म्हणजे विद्यार्थी, लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जायचं, वर्ग सुरू व्हायच्या आधी.